बकुळाचा राखून ठेवलेला मुका

बकुळाच्या घरी फुलं टोपलीभर, भाकरी मात्र चतकोर. आई देवळापाशी गजरे विकायची आणि आठ वर्षांची बकुळा फुलं खुडून आणायची. अशा घरात इवलंसं, गुलाबी बाळ आलं. बाळाला आत्या नव्हती, म्हणून बारशाला कानात नाव सांगायचा मान बकुळाचा ठरला. केवढा आनंद झाला तिला!

आणि नेमका आदल्या दिवशी तिच्या ओठावर जर उठला. बारीक बारीक फोडांचा, झोंबणारा.

नर्सबाईंनी मलम दिलं आणि बजावलं, "फोडाला हात लावायचा नाही. पेला वेगळा, पंचा वेगळा. हात धुतल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही. आणि ओठ साफ होईपर्यंत मुका मुळीच नाही. तुला नुसतं झोंबतंय, पण तान्ह्याच्या जिवावर बेतेल."

बकुळा मोगऱ्याच्या ताटव्यात जाऊन रडली. तोच एका कळीतून रुपेरी चुरा उडाला आणि पाकळीएवढ्या पंखांची परी बाहेर आली.

"रडू नको गं सोनुले. एक इच्छा माग. अट एवढीच, दिलेलं परत घेणार नाही."

बकुळाने डोळे बारीक केले. बाजारात वाढलेली पोर ती, फुकट देणाऱ्यांचा तिला भारी संशय.

"माझा जर घालवशील?"

"हो तर! कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"दिसणार नाही, की असणारच नाही?"

परी उगाचच पंख सारखे करू लागली.

"सांग ना!"

"दिसणार नाही," परी हळूच म्हणाली.

"मग नकोच. आई बिनधास्त बाळ माझ्या तोंडाशी धरेल."

बारशाला बकुळाने पपईचा लांबलचक पोकळ देठ आणला. एक टोक आईने बाळाच्या कानाशी धरलं. दुसऱ्या टोकाशी, ओठ न टेकवता, बकुळा म्हणाली, "कुर्रर्र... तुझं नाव पराग!" बायका हसल्या, पण रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटेही बसले.

पुढे खपली धरली आणि खाजू लागली. बकुळा हात मागे बांधून बसायची. दहाव्या दिवशी खपली आपोआप पडली. तरी तिने आणखी दोन दिवस वाट पाहिली. मग हात धुऊन पाळण्याशी गेली, तर परी बाळाच्या उशाशी!

"आता कसली अट?" बकुळाने विचारलं.

"कसलीच नाही. तू न मागितलेली इच्छा मी याच्या गालावर ठेवलीय. घे मुका."

बकुळाने अलगद ओठ टेकवले. निळा, गुलाबी, सोनेरी उजेड घरभर पसरला आणि त्यात परी विरून गेली. बाळ खुदकन हसलं. गालावर इटुकली खळी पडली होती.

बकुळाने स्वच्छ फडक्याचं ओलं टोक घेऊन ती पुसून पाहिली. पुसली जाईना. तेव्हा कुठे तिचा परीवर विश्वास बसला.