गोजाबाईनं मन बसवलं तो धोंडा

फार फार वर्षांमागं कातळवेढ्यात गोजाबाई नावाची बाई तळ्याची राखण करायची. तिची लेक रंभा खाली वाळुंजखोऱ्यात दिलेली. तळ्याखालची नदी डोंगराला लांब वळसा घालून तिकडं जायची, पायवाट मात्र बेलखिंडीतून.

पौषातल्या जत्रेदिवशी तळ्याच्या बांधातून गढूळ पाणी फुटलं. बांध खचत होता. खाली जत्रा भरलेली नदीच्या कोरड्या वाळूत. सारा मुलूख तिथं, तान्हं घेऊन रंभाही तिथंच. गोजाबाईनं पदर खोचला नि धावली.

पळणं पायांचं काम म्हणणाऱ्यांनी एकदा ती खिंड चढावी! पाय मुकाट असतात, बडबडतं ते मन. म्हणालं, "जरा टेक, छाती फुटेल." मग म्हणालं, "मागून कुणी जाईल की." मग तर लाडात आलं, "गोजे, उशीर झालाच असेल, आता पळून काय उपयोग?"

अर्ध्या चढणीला काळा धोंडा होता. त्याच्यावर हात आपटून ती ओरडली, "मेल्या मना, दमलास ना? तू बस इथं, मी जाऊन येते!"

असं म्हणतात, मन खरंच तिथं बसलं. असंही म्हणतात, की पुढं तिची सावलीसुद्धा मागं पडली.

पोचली, तर तोंडातून शब्द फुटेना. ढोलांपुढं ऐकणार तरी कोण? मन सोबत असतं तर म्हणालं असतं, लोक मारतील. ते तर धोंड्यावर! तिनं पालखीतला देवीचा मुखवटा उचलला, काखोटीला मारला आणि काठावरची टेकडी चढत सुटली.

"देवी पळवली! धरा सटवीला!"

अख्खी जत्रा मागं. हलवाई झाऱ्यासकट, रंभा तान्ह्यासकट. "अगं आये, वेड लागलं का तुला?"

शेवटचा म्हातारा वर आला आणि खालून पाणी गर्जत गेलं. पाळणे गेले, कढया गेल्या, माणूस एक गेलं नाही. मारायला आलेल्या पुजाऱ्यानं हातातली चप्पल टाकली. "माये, घोटभर पाणी पी."

"नको बाबा. आज पाणी पुष्कळ बघितलं."

आजही जत्रेत एखादी लेकुरवाळी मुखवटा पळवते आणि गाव शिव्या देत टेकडी चढतं. खिंडीतून जाणारा धोंड्यावर हात मारून मनाला बसवून जातो. पण परतताना त्याला उठवावं लागतं, आणि तेही गोजाबाईनं त्या संध्याकाळी धोंडा थोपटून उठवलं तसंच:

"चल, ऊठ आता. सगळी आहेत."