डाव्या पायाचा तायाप्पा

फार वर्षांपूर्वी, सोनघळ गावाला वेस होती आणि वेशीला दार होतं, तेव्हाची ही हकिगत. बसा नीट, मांडी घालून. कुस्तीची गोष्ट उकिडवं बसून ऐकू नये, ऐन रंगात आली की माणूस उठून उभा राहतो आणि मागच्यांना काही दिसत नाही.

नदीच्या काठाला तेव्हा तालीम होती, आजही आहे. बाबालाल वस्ताद म्हणून एक म्हातारे तिथं पोरं घडवायचे. बोलायचे कमी, पण बोलले की मिरची चावल्यासारखं व्हायचं. त्यांच्या हाताखाली दोन पोरं एकाच दिवशी मातीत उतरली. एक तायाप्पा, दुसरा भैरू. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. एकाला ताप आला तर दुसऱ्याच्या घरची चूल पेटत नसे.

भैरू चपळ होता, पण नाव झालं ते तायाप्पाचं, आणि तेही त्याच्या उजव्या हाताचं. उजवा पाय पुढे टाकायचा, उजवा हात समोरच्याच्या मानेवर घालायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो गडी पाठीवर पडून आभाळ बघत असायचा. त्या हाताच्या पकडीत नारळ फुटायचा असं म्हणतात. मला विचाराल तर तो नारळ आधीच तडकलेला असावा. हात मात्र खराच तसा होता.

एकदा नागपंचमीच्या आदल्या दिवशी दोघं तालमीत लढत होते. बघायला सगळं गाव लोटलं होतं. तायाप्पानं भैरूचा खांदा उजव्या पकडीत धरला आणि पीळ दिला. भैरू म्हणाला, "बस." तालमीत कुणी बस म्हटलं की सोडायचं, याला धर्म म्हणा नाहीतर कायदा. तायाप्पानं ते ऐकलं. पण लोक शिट्ट्या मारत होते, फेटे उडवत होते, आणि एवढं कौतुक सोडवेना म्हणून त्यानं आणखी एक श्वासभर पकड आवळली. तेवढ्यात भैरूच्या खांद्यात काहीतरी तुटलं. हाडवैद्यानं खांदा बसवला, पण हातात पुन्हा जीव आला नाही. भैरूचा उजवा हात कायमचा लुळा पडला.

गाव म्हणालं, कुस्तीत असं व्हायचंच. बस म्हटल्याचं दोघांनाच ठाऊक होतं, आणि भैरूनं ते कुणाला सांगितलं नाही. तायाप्पाला मात्र अन्न गोड लागेना. शेवटी तो तालमीतल्या मारुतीसमोर गेला, वस्तादांसमोर सगळं खरं बोलला आणि म्हणाला, "आजपासनं ह्यो उजवा हात मातीत कुणाच्या अंगावर टाकणार न्हाई. मारुतीची आण."

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मारुतीनं कुठं मागितला तुझा हात? भैरूला काय देणार हायस, ते बोल की."

तायाप्पा मान खाली घालून भैरूच्या घरी गेला. भैरूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याची आई गौराक्का दारात बसली होती. रडून रडून तिच्या डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं. ती म्हणाली, "लेका, तुझं त्वांड बघून माझं प्वाट भरतंय व्हय? मोट कोण हाकायची? जोंधळा कोण कापायचा?"

दुसऱ्या दिवशी पहाटे तायाप्पा तिच्या विहिरीवर हजर झाला. मोट हाकली, पाटाच्या पाण्याची दारं धरली, खुरपणी केली. सगळं डाव्या हातानं. उजवा त्यानं पाठीमागे धोतराच्या लांगेत खोचून ठेवला होता. फक्त जेवायला तेवढा काढायचा, कारण डाव्या हातानं जेवलेलं गौराक्काला चालत नसे. भैरू रोज बांधावर येऊन बसायचा आणि बघायचा. बोलायचा मात्र नाही. पाऊस गेला, थंडी आली, तरी एक शब्द नाही. तायाप्पाला बाकी कशाची आस नव्हती. नाव गेलं होतं, जत्रेतला मान गेला होता, त्याची त्याला पर्वा नव्हती. भैरूनं एकदा हाक मारावी, एवढ्यासाठी तो जगत होता.

इकडं तालमीत त्याची पार शोभा झाली. हात बदलला, पण अंग बदलेना. डाव्यानं धरायला जायचा आणि उजवा पाय आपोआप पुढे यायचा, की हा स्वतःच्याच पायात अडकून पडायचा. मिसरूड न फुटलेली पोरं त्याला चीत करायला लागली. बायका पाणवठ्यावर हसायच्या. कालचा वाघ आज कोकरू झाला, असं गाव म्हणायचं. वस्तादही काही सांगत नसत, कारण त्यांनाही डाव्या अंगाची कुस्ती येत नव्हती. आयुष्यभर ते उजवीकडूनच लढले होते.

मग जोंधळ्याची कापणी आली. तायाप्पा डाव्या हातात विळा घेऊन झगडत होता. ताटं तुटायची कमी, मोडायची जास्त. कापता कापता विळा निसटला आणि नडगीला लागला. रक्त आलं. बांधावर बसलेल्या भैरूला ते बघवेना. त्याचा राग त्याच्या पोटात राहिला, पण आतला पैलवान उठून उभा राहिला.

"आरं येड्या!" भैरू ओरडला. "हातानं काय कापतुयास? डावा पाय म्होरं घे! कंबर फिरव! हात बिचारा पायाच्या मागनं येतोय!"

तायाप्पानं विळा तिथंच टाकला आणि ढेकळांत बसून हमसाहमशी रडला. भैरू म्हणाला, "रडतुयास कशाला? पीक कोण कापायचं?" मग तोही रडला.

त्या दिवसापासून भैरू त्याचा वस्ताद झाला. एका हातानं जगायला लागल्यापासून भैरूला डावी बाजू पुरती कळली होती. बादली उचलताना वजन कुठं ठेवायचं, पडल्यावर कुठल्या कुशीवरून उठायचं, बैल अंगावर आला तर कुठल्या पायावर वळायचं, हे सगळं त्यानं एकट्यानं, चडफडत शिकून घेतलं होतं. तेच तो आता तायाप्पाला शिकवायला लागला. कापून मोकळ्या झालेल्या रानात दोघं झोंबायचे. डावा पाय पुढे, डावा खांदा पुढे. शड्डूसुद्धा डाव्या मांडीवर. झोपायचं तेही दुसऱ्या कुशीवर. वर्षं गेली आणि तायाप्पा इतका उलटा झाला की त्याचं काळीजही उजवीकडं सरकलं, असं म्हणतात. वैद्यानं छातीला डावीकडं कान लावला तर तिथं काहीच ऐकू आलं नाही, बिचारा दचकून मागेच सरकला. खरंखोटं मारुतीला माहीत.

त्याच सुमारास त्या मुलखावर एक नवा किल्लेदार आला. गावोगावची तरणी पोरं अंगानं भरलेली असणं त्याला खुपायचं. त्यानं दौलत नावाचा एक मल्ल पाळला होता. मल्ल कसला, चालता बुरूज. किल्लेदार त्याला घेऊन गावोगाव जायचा आणि सांगायचा, माझ्या मल्लाला पाडा, नाहीतर तुमच्या तालमीची माती नदीत जाईल. दौलत नुसता पाडत नसे, तो हात मोडायचा. कुणी बस म्हटलं तर आणखी पिळायचा. आसपासच्या तालमींत गवत उगवलं होतं. असा तो किल्लेदार दौलतला घेऊन एक दिवस सोनघळला आला.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामानं, ताकानं, तेलानं मळलेली ती माती. तिच्याकडं बघत बाबालाल वस्ताद एकच वाक्य बोलले, "तायाप्पा, उतर."

तायाप्पा डावा पाय आधी टाकून आखाड्यात उतरला. दौलत हसला. हात भिडले आणि त्याचं हसू गेलं. जिथं समोरच्याचा पाय असायचा तिथं पाय नव्हता, जिथं मान असायची तिथं खांदा येत होता. त्याला जन्मभर उजव्या पायाचे गडी भेटले होते. आपल्याच घरात कुणी दारं-खिडक्या बदलून ठेवाव्यात, तसा तो चाचपडत राहिला. हलगी कडाडत होती, ऊन कललं, तरी कुस्ती सुटेना. त्यांच्या पायांखालची धूळ इतकी वर गेली की तीन कोसांवरच्या गावानं वावटळ समजून गुरं आत बांधली, असं म्हणतात.

पण दौलतही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं ओळखलं की या माणसाचा सगळा जीव डाव्या हातात आहे. त्यानं तो हात काखेत धरला आणि आवळला. तायाप्पाच्या कपाळाच्या शिरा फुगल्या. आणि त्याच वेळी दौलतची मान उघडी पडली, अगदी तायाप्पाच्या मोकळ्या उजव्या हाताजवळ. गावाला जुना डाव दिसला. सगळे एका तोंडानं ओरडले, "उजवा! तायाप्पा, उजवा घाल!"

तेव्हा आखाड्याच्या कडेला बसलेला भैरू उभा राहिला. "घाल उजवा! तायाप्पा, म्या सोडवलं तुला शपथेतनं! माती चालली, घाल!"

तायाप्पानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "तुला हाय का रं उजवा?" एवढंच तो म्हणाला. मग त्यानं उजवा हात पाठीमागे नेऊन लांगेत खोचला.

पुढचं सांगताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. तायाप्पा डाव्या पायावर फिरला. अडकलेला हात त्यानं सोडवला नाही, त्याचाच खुंटा केला, आणि तो चालता बुरूज त्या खुंट्याभोवती उलटा झाला. जमीन हादरली. मारुतीच्या देवळातली घंटा कुणी न हलवता वाजली, असं म्हणतात. दौलत कुशीवर आपटला, खांदा त्याच्याच अंगाखाली मुरगळला गेला. पाठ लागायला वीतभर उरली होती. आणखी एक नेट, की कुस्ती निकाली आणि खांदाही निकाली.

तेव्हा दौलत दातांतून म्हणाला, "बस."

हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. ज्याला जायचं त्याला गेलं. तायाप्पानं दौलतचा हात सोडला आणि तो मागे सरला.

गावातून हाय उठली. जिंकलेली कुस्ती या खुळ्यानं सोडली! किल्लेदार हसून ओरडला, "ऊठ दौलत, मोड त्याला!"

दौलत उठून बसला. त्यानं खांदा हलवून पाहिला. खांदा शाबूत होता. इतके हात मोडले त्यानं, पण त्याचा हात कुणी असा परत दिला नव्हता. तो बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिला. मग सगळ्या गावादेखत, किल्लेदारादेखत, तो आपणहून मातीवर उताणा झाला आणि त्यानं दोन्ही खांदे जमिनीला टेकवले. हलगीवाल्याचे हात थांबले. नदीसुद्धा थांबली, असं म्हणतात. घाटावरच्या बायकांनी पाण्यात मासे जागच्या जागी उभे राहिलेले पाहिले.

तायाप्पा पुढे गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं आखाड्यात उजवा हात पुढे केला, आणि तो धरून दौलत उठला. बाबालाल वस्तादांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. किल्लेदार घोड्यावर बसून निघून गेला. माती जागची हलली नाही.

तायाप्पा म्हातारा होऊन गेला. शेवटपर्यंत गौराक्काच्या रानातली मोट त्यानंच हाकली. तो चितेवर जळला की तालमीच्या मातीतच मिसळला, याबद्दल गावात दोन मतं आहेत, आणि त्या वादात मी पडत नाही.

पण सोनघळच्या तालमीत अजूनही आखाड्यात उतरताना डावा पाय आधी पडतो. बाहेरगावचे लोक म्हणतात, हे अशुभ. म्हणोत बापडे. आणि त्या तालमीत एखाद्याच्या हातून दुसऱ्याला दुखापत झाली, तर त्याला कुणी मारत नाही की हाकलत नाही. वस्ताद त्याला फक्त दाराबाहेर आणतात आणि दुखावलेल्या पोराच्या घराकडं बोट दाखवतात. त्यानं तिथं जायचं, पडेल ते काम करायचं, आणि पुढचा डाव त्या पोराकडूनच शिकायचा. त्याला आखाडा कधी उघडायचा, हे वस्ताद ठरवत नाहीत, पंचही ठरवत नाहीत. ते पोरगं त्याच्याशी बोललं, की उघडतो.