घुबडाच्या पंखांचं अस्तर

सावरीचा कापूस अजून फक्त पाखरांनाच ठाऊक होता, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या बाभळीवर कावळे अंडी पळवायचे, म्हणून पाखरांनी राखणदार शोधायचं ठरवलं.

कोतवाल पक्षी म्हणाला, "मी आरडाओरडा करत अंगावर जातो. मला तुमच्याकडून काही नको."

घुबड म्हणालं, "मी आलेलं कुणाला ऐकूही येत नाही. फक्त प्रत्येक झडपेनंतर पंखांच्या कडेला नवा कापूस लावावा लागतो."

सगळ्यांनी घुबडालाच निवडलं. त्यानं पहिल्याच दिवशी दोन कावळे लोळवले. पाखरं हरखली आणि घरट्यात ऊबेसाठी अंथरलेला कापूस काढून देऊ लागली. रोज झडप, रोज कापूस. घरट्यांत नुसत्या काड्या उरल्या.

एका सकाळी मुनिया आपल्या अंड्यांवर बसली, तर अंडी गार पडलेली. ती उठली आणि थेट घुबडासमोर गेली.

"आमचा कापूस परत द्या."

"अगं, मग माझे पंख वाजतील. कावळ्यांना कळेल."

"कळू दे," मुनिया म्हणाली. "कावळा आला की एक अंडं जायचं. काल कुणीच आलं नाही, आणि माझी चारही गेली."

तिनं चोचीत कापूस धरला आणि ओढला.