टिकलीचा फुटाणा आणि हट्टी बोल्ट

एक होती उंदरी. टिकलीएवढी. म्हणून नाव टिकली. शेपूट मात्र हातभर. म्हणजे तिच्या हाताने.

टिकलीच्या पिल्लाला आज पहिला दात आला. उंदरांच्या घरी पहिला दात आला की फुटाणा खायचा. तसा नियमच आहे. तुमच्या घरी काय खातात? बाबांचं बोट.

टिकलीने फुटाणा आणला. एकच. पण गोल गोल. घरी निघाली गॅरेजातून. तुरु तुरु तुरु. गॅरेजात उभी होती एक जीप. म्हातारी. चालली की कुईं कुईं करायची. जवळची वाट जीपच्या पोटाखालून. टिकली चढली, टिकली घसरली. फुटाणा सुटला. टण टण घर्रर्र. गेला पाट्यांत.

पाटे म्हणजे काय? जीपच्या पोटाखाली लोखंडाच्या पट्ट्या. एकीवर एक. चपात्यांची चवडच म्हणा. आणि सगळी चवड घट्ट धरून बसलेला एक बोल्ट.

बोल्ट सुटला तर पाटे सुटणार. पाटे सुटले तर फुटाणा मिळणार. आणि नाही सुटला तर? संध्याकाळी जीप जाणार डोंगरापलीकडे. फुटाणाही जाणार.

बिळात पिल्लू रडत होतं. चूं चूं चूं.

टिकली म्हणाली, "बोल्टदादा, बोल्टदादा, सुट ना. फुटाणा निघेना, पिल्लू रडायचं थांबेना."

बोल्ट म्हणाला, "मी नाही सुटणार जा. आधीच माझं पोट दुखतंय. पाना फिरला तर सुटेन."

टिकली गेली पान्याकडे. तुरु तुरु तुरु.

"पानेराव, पानेराव, फिरा ना. बोल्ट सुटेना, फुटाणा निघेना, पिल्लू रडायचं थांबेना."

पाना म्हणाला, "मी नाही फिरणार जा. बोल्टाचं डोकं झालंय गुळगुळीत. आजोबांच्या टकलासारखं. मी धरतो, सटकतो. आणि मानेला गंज. तिथे तेल ठिबकलं तर फिरेन."

टिकली गेली तेलाच्या कुपीकडे. तुरु तुरु तुरु.

"कुपीताई, कुपीताई, ठिबक ना. पाना फिरेना, बोल्ट सुटेना, फुटाणा निघेना, पिल्लू रडायचं थांबेना."

कुपी म्हणाली, "मी नाही ठिबकणार जा. माझी मी उलटी कशी होऊ? मिस्त्री उठला तर ठिबकेन."

मिस्त्रीचं नाव गुलाब. वास मात्र ग्रीसचा. सकाळपासून बोल्टाशी भांडून दमला. टायरवर बसला, गाल फुगवून. टिकली गेली मिस्त्रीकडे. तुरु तुरु तुरु.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, उठा ना. तेल ठिबकेना, पाना फिरेना, बोल्ट सुटेना, फुटाणा निघेना, पिल्लू रडायचं थांबेना."

मिस्त्री म्हणाला, "मी नाही उठणार जा. चहा उकळला तर उठेन."

शेजारी शेवंताबाईची टपरी. मिस्त्री तिथनंच म्हणाला, "शेवंताबाई, एका चहाला किती वेळ?"

शेवंताबाई म्हणाली, "एका बोल्टाला लागतो तेवढाच."

मिस्त्रीने गाल आणखी फुगवले.

टिकली गेली चहाकडे. तुरु तुरु तुरु.

"चहाभाऊ, चहाभाऊ, उकळा ना. मिस्त्री उठेना, तेल ठिबकेना, पाना फिरेना, बोल्ट सुटेना, फुटाणा निघेना, पिल्लू रडायचं थांबेना."

चहा म्हणाला, "मी नाही उकळणार जा. बुडाला ऊबच नाही. स्टो पेटला तर उकळेन."

टिकली गेली स्टोकडे. तुरु तुरु... थांबा, श्वास घ्या. हं.

"स्टोआजोबा, स्टोआजोबा, पेटा ना. चहा उकळेना, मिस्त्री उठेना, तेल ठिबकेना, पाना फिरेना, बोल्ट सुटेना, फुटाणा निघेना, पिल्लू रडायचं थांबेना."

स्टो म्हणाला, "बी नाही पेटणार जा. बाझं नाक चोंदलंय. शेवंताबाईची पिन हरवलीय. नाक साफ झालं तर पेटेन."

आता कुणाकडे जायचं? पिन नाही. तार नाही. टिकलीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग नाकाखाली पाहिलं. मिशी आहे की. ताठ. टोकदार.

टिकलीने मिशी घातली स्टोच्या नाकात. गुदू गुदू गुदू.

"आ... आ... आक्छी."

काजळी उडाली. बसली शेवंताबाईच्या ओठावर. शेवंताबाईला मिशी आली.

टिकली पळाली लांब. शेवंताबाईने काडी लावली. भर्रर्र.

स्टो पेटला. चहा उकळला. मिस्त्री अर्धा कप प्याला, सुर्र सुर्र. मिस्त्री उठला. कुपी उलटली. तेल ठिबकलं, टप टप. मिस्त्री जीपखाली उताणा झोपला. पाना फिरला. आणि बोल्ट?

सुटेना.

मिस्त्री म्हणाला, "आता काय झालं रे तुला?"

बोल्ट म्हणाला, "अरे गुलाबा, उताणा झोपतोस आणि उलटं फिरवतोस. सकाळपासून आवळतोयस मला. वर म्हणतोस, सुट. पोट नाही दुखणार?"

मिस्त्रीने डोकं खाजवलं. डोक्याला ग्रीस लागलं. शेवंताबाई हसली, मिशीसकट.

मिस्त्रीने पाना दुसऱ्या बाजूला फिरवला. कर्र... कुर्र... कुईं... टण्ण.

बोल्ट सुटला. उडाला. कुठे पडला? मिस्त्रीच्या उरलेल्या चहात. डुबुक.

पाटे सुटले. फुटाणा निघाला. पण हे काय? गोल नाही. साल नाही. दबून दबून दोन तुकडे. टिकलीचं तोंड एवढंसं झालं. आधीच एवढंसं, आणखी एवढंसं.

तुकडे घेऊन घरी आली. पिल्लाने एक उचलला. दात एकच. कट्ट. फुटला. अख्खा फुटाणा एका दाताने फुटला असता का? विचारा घरातल्या बाळाला. दुसरा तुकडा पिल्लाने आईच्या तोंडात घातला. कट्ट.

पिल्लू रडायचं थांबलं.

मिस्त्रीने जीपला नवा बोल्ट बसवला. चकचकीत. जीप गेली डोंगरापलीकडे. कुईं नाही, कुर्र नाही. जुना बोल्ट शेवंताबाईने धुऊन ठेवला. तो आता चहाचं आलं ठेचतो. ठक ठक ठक. त्याला कुणी आवळत नाही. पोटही दुखत नाही.

स्टो विझला, चहा संपला, फुटाणा पोटात गेला. आता ज्याला झोप येईना, त्याच्या नाकात टिकलीची मिशी. गुदू गुदू गुदू.