वाळकी भाकरी ओली की सुकी?

फार पूर्वी, कचऱ्याला नुसतं कचराच म्हणायचे, तेव्हाची गोष्ट. डोंगराच्या उतारावर एक टुमदार नगर होतं. तिथल्या दर घरात एकच टोपली असे. सकाळी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजवत गाडी येई, लोक आपापली टोपली तिच्यात उपडी करत, आणि गाडी ते सगळं नगराच्या खालच्या टोकाला एका खळग्यात ओतून येई. खळगा कुणाला दिसत नसे. म्हणजे, त्याच्या काठावर राहणाऱ्यांना सोडून.

काठावरच्या शेवटच्या घरात एक तरुण आई राहत असे. नवरा दोर वळायचा. लेक नुकतीच बोलायला शिकली होती, थांबायला शिकायची होती.

आईला काळजी करायची सवय होती. लेक खोकली की तिला वाटे, हवा बाधली. खोकली नाही की वाटे, आज का बरं खोकली नाही. पण त्यातली एक काळजी खरी होती. खळगा भरत भरत ढीग तिच्या मागच्या भिंतीला टेकला होता. वासानं आणि माश्यांनी मागची खिडकी कायमची बंद. वैद्यबुवांनी लेकीची छाती ऐकून सांगितलं होतं, "या पोरीला मोकळी हवा द्या. जमत नसेल तर घर बदला."

घर बदलायचं कसं? दोर वळायला लागतं तसं लांबलचक अंगण नगरात दुसरीकडे नव्हतंच.

अशात श्रावणात एके दिवशी दवंडी पिटली गेली. नगराचे कारभारी नव्या विचाराचे होते. त्यांनी फर्मावलं, की आता घरोघरी दोन टोपल्या ठेवायच्या, एक ओल्या कचऱ्याची आणि एक सुक्या कचऱ्याची. ओला कचरा रोज न्यायचा आणि शेतकऱ्यांच्या खतखड्ड्यात टाकायचा. सुका फक्त बाजाराच्या दिवशी न्यायचा, आणि ज्याच्या कामाचा त्याला द्यायचा. खळग्यात काही म्हणजे काही टाकायचं नाही. दसऱ्यापर्यंत करून बघू. मग सभा भरेल आणि लोक म्हणतील तसं.

आईनं त्याच दिवशी दोन टोपल्या विणून घेतल्या आणि दाराशी मांडल्या. बंद खिडकीकडे बघून तिनं मनातल्या मनात तिथं पडदासुद्धा लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक एक तुकडा हातात घेऊन आली. परवाची भाकरी, वाळून खापरीसारखी झालेली.

"आई, ही कुठे टाकू? ओल्यात की सुक्यात?"

आई थबकली. भाकरी तर वाळकी होती. पण अन्न होतं. पण वाळकं होतं.

"सुक्यात," ती म्हणाली. आईला सगळं माहीत असतं अशा आवाजात.

तेवढ्यात शेजारच्या तांबटीणकाकू डोकावल्या. ही आई लग्नाआधी चार बुकं शिकलेली, म्हणून सगळी आळी तिला चिडवायला शास्त्रीणबाई म्हणे; पण अडलं की तिलाच विचारायला येई.

"अगं शास्त्रीणबाई, ह्यांची जुनी चप्पल ओढ्यात पडून चिंब झालीय. तिला काय म्हणायचं?"

"हात लावून बघा ना, काकू. चिंब आहे म्हणजे ओलीच."

"तेच म्हटलं मी. पण तू शिकलेली, तुला विचारलेलं बरं."

काकू गेल्या. आईला आत कुठेतरी खुट्ट झालं, पण गाडीची घंटा वाजली आणि ती टोपल्या उचलायला धावली.

आळीतला निवाडा आळीत राहत नाही. तांबटीणकाकूंनी पाणवठ्यावर सांगितलं, पाणवठ्यावरून तो बाजारात गेला. हात लावून ओलं लागलं तर ओलं, कोरडं लागलं तर सुकं. शास्त्रीणबाईंनी सांगितलंय.

आणि मग नगरातली माणसं डोकं चालवायला लागली. सुका कचरा आठवडाभर घरात कोण सांभाळणार? हलवायानं फुटक्या बरण्या आणि गंजके झारे हौदात बुचकळून काढले आणि रोजच्या गाडीत दिले. गाडीवानानं हात लावला. ओले होते. त्यानं घेतले. ज्यांना रोज दाराशी यायचा कंटाळा होता, त्यांनी केळीच्या साली गच्चीवर वाळत घातल्या. शेजारणी एकमेकींना विचारू लागल्या, "झाला का तुमचा कचरा वाळून?"

श्रावण सरला, भाद्रपद लागला. वाळकी भाकरी आठवडाभर टोपलीत राहायची, तिला घुशी लागल्या. साली गच्चीवर सडल्या. शेतकऱ्यांच्या खतखड्ड्यातून काचा निघाल्या, आणि एका बैलाच्या खुरात बरणीचा तुकडा घुसला. शेतकरी म्हणाले, "गाडी आणाल तर बैल सोडून घेऊ." गाडीवान बिचारा कुठे जाणार? तो पुन्हा गुपचूप खळग्याकडे वळला.

मागच्या भिंतीपाशी ढीग घरंगळल्याचा आवाज आईनं ओळखला. तिनं लेकीला उगीचच जवळ ओढलं.

"काय झालं?" लेकीनं विचारलं.

"काही नाही. जेव."

लेकीचं जेवण म्हणजे एक सोहळाच असे. एक घास काऊला, एक चिऊला, एक दाराबाहेरच्या मनीला, असं सगळ्या गोतावळ्याला वाटून मग उरलेला तिच्या पोटात. त्या दिवशी तिनं भाकरीचा तुकडा घेतला आणि झेंडू लावलेल्या कुंडीत बोटानं खोल खुपसला.

"हा मातीचा घास."

"अगं, अन्न मातीत घालतात का?"

"तिला भूक लागलीय," लेक म्हणाली, आणि पायातल्या तुटक्या वाळ्यातलं एक घुंगरू काढून तेही मातीत खुपसलं. "तिखट लागलं तर हे गोड म्हणून खायला."

आईला हसू आलं आणि ती विसरूनही गेली. पण लेक विसरली नाही. काही दिवसांनी तिनं कुंडी उकरली आणि आईला हाक मारली. घुंगरू होतं तसं होतं. भाकरी मात्र नव्हती. म्हणजे होती, पण काळी, भुसभुशीत, मातीपासून वेगळी काढता येईना अशी.

"खाल्ली," लेक म्हणाली.

आई कुंडीपाशी बसली ती बसूनच राहिली. भाकरी वाळकी होती, मग मातीनं कशी खाल्ली? तिला एकदम खेळ सुचल्यासारखं झालं. मायलेकींनी घरभर हिंडून मातीसाठी पान वाढलं. केळीची वाळवलेली साल, काचेचा मणी, अंड्याचं टरफल, पत्रावळीचा तुकडा. तांबटीणकाकूंकडून त्या चपलेचा अंगठासुद्धा मागून आणला. काकू म्हणाल्या, "चप्पल दोनदा टाकली, खतखड्ड्यातून दोनदा परत आली, आता तूच ठेव."

मग रोज सकाळी चूळ भरायच्या आधी मायलेकी कुंडीपाशी. नवरा दोर वळता वळता म्हणे, "मातीबाईंचं पोट भरलं का?" लेक कान लावून ऐके आणि गंभीरपणे सांगे, "चावतेय."

दसरा तोंडावर आला तेव्हा साल गेली होती, पत्रावळ विरली होती, टरफलाचा चुरा झाला होता. काचेचा मणी लखलखीत. चपलेचा अंगठा चिंब ओला, आणि जसाच्या तसा.

आईच्या लक्षात आलं. ओला कचरा म्हणजे हाताला ओला लागणारा नव्हेच. आणि हात लावून बघा असं सगळ्या नगराला शिकवलं होतं ते तिनंच.

ती तांबटीणकाकूंकडे गेली. काकूंनी ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आता बोलू नकोस बाई. हलवाई पुन्हा एकच टोपली करायला टपलाच आहे. तुझ्यामुळे घोटाळा झाला म्हटलं की दोन टोपल्यांचा विषयच संपला. ढीग काय, तुझ्या भिंतीला टेकलाय. उद्या छपरावर येईल."

"आणि नाही बोलले तर?"

 काकूंनी तिच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली.

सभा धान्यबाजाराच्या ओट्यावर भरली. आई लेकीला घेऊन शेवटी बसली. लेकीच्या मांडीत कुंडी. घरी एकटी ठेवली तर तिला भीती वाटते, म्हणून लेक तिला घेऊनच आली होती.

हलवाई उभा राहिला. "मंडळी, आमच्या पणजोबांनी एका टोपलीत टाकलं, आजोबांनी एका टोपलीत टाकलं. कुणाचं काही बिघडलं?"

"तुमच्या पणजोबांच्या वेळी खळगा रिकामा होता, शेठ," गाडीवान म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस. काचा तूच नेल्यास ना?"

"ओल्या होत्या. तुम्हीच तर बुचकळून दिल्या."

लोक खिदळले. कारभाऱ्यांनी हात वर करून गप्प केलं. चेहरा थकलेला होता. "मी हरलो असं समजा. पुन्हा एकच टोपली करायची असेल त्यांनी हात वर करा."

हात वर जाऊ लागले. आईनं मागच्या खिडकीचा विचार केला. मग स्वतःच्या आवाजाचा. तो अशा वेळी नेहमी बारीक होतो. मग काही विचार न करता ती उभी राहिली.

"एक विचारू का? ओला म्हणजे काय?"

सगळा ओटा हसला. हलवाई म्हणाला, "घ्या. शास्त्रीणबाईंना ओलं कळेना. अहो, तुम्हीच ना सांगितलंत, हात लावून बघा?"

"हो, मीच सांगितलं," आई म्हणाली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "पण मला माहीत नव्हतं. विचारलं म्हणून ठोकून दिलं. म्हणून आता विचारतेय. वाळकी भाकरी ओली की सुकी?"

"सुकी," अर्धी सभा म्हणाली.

"ओली," उरलेली अर्धी म्हणाली.

मग दोन्ही अर्ध्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"बरं, भिजलेली चप्पल?" कुणीतरी मागून विचारलं. "आणि देवावरची सुकलेली फुलं?" "आणि नारळाची शेंडी?" बघता बघता सभेला गंमत वाटायला लागली. हलवायानं आपल्या बायकोला विचारलं, तिनं आपल्या सासूला, आणि तिघांची तीन उत्तरं आली.

"कारभारी, तुम्हीच सांगा," गाडीवान म्हणाला. "शब्द तुमचा आहे."

  कारभारी डोक्यावरची पगडी सारखी करत म्हणाले, "खरं सांगू? दवंडीत बरे वाटतील म्हणून घातले होते दोन शब्द. ओला म्हणजे ओला, असं मी धरून चाललो. मलाही कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही."

या वेळी कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकानं तसंच धरलं होतं.

तेवढ्यात लेकीनं कुंडी ओट्यावर पालथी केली. घुंगरू खणकन पडलं आणि घरंगळत कारभाऱ्यांच्या पायाशी गेलं. मागोमाग मणी आणि चपलेचा अंगठा.

"हे तिनं खाल्लं नाही," लेक म्हणाली. "भाकरी खाल्ली. साल खाल्ली. पानसुद्धा खाल्लं."

"कोणी गं?"

"मातीनं. मी घास देते ना तिला."

आईनं मग सगळं सांगितलं. आवाज बारीकच राहिला, पण लोक पुढे सरकून ऐकू लागले. हाताला काय लागतं ते सोडून द्या, ती म्हणाली. माती जे खाते ते तिच्यासाठी एका टोपलीत. माती जे खात नाही ते आपल्यापाशीच राहणार, तेव्हा त्याचं काय करायचं ते आपणच बघायचं.

हलवाई अजून पूर्ण विरघळला नव्हता. "आणि माझे द्रोण? तेल लागलेले? ते खाईल का तुमची माती?"

आईला उत्तर द्यायची फार जुनी सवय होती. जिभेवर आलेलं 'हो' तिनं गिळलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"पेरून बघा," लेक म्हणाली.

सभेनं पुन्हा हात वर केले, पुढच्या दसऱ्यापर्यंत दोन टोपल्या चालवायला. टोपल्यांची नावं मात्र बदलली. एकीला सगळे मातीचा घास म्हणू लागले. दुसरीला नाव ठेवायचं राहून गेलं; लोक तिला नुसतं 'आपलं' म्हणतात. आळीआळीला एकेक शंकेची कुंडी ठेवली गेली. ज्याला कळेना त्यानं तुकडा पेरायचा आणि वाट बघायची. हलवायाच्या द्रोणांना मातीनं जरा वेळ लावला, पण खाल्ले. तो आता येईल त्या गिऱ्हाइकाला तेवढंच सांगतो.

खळग्यात नवं काही पडेनासं झालं. जुना ढीग हळूहळू बसत गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात भिंतीपासून सुटला. एका सकाळी आईनं मागच्या खिडकीची कडी काढली. थोडा वास अजून होता. तिनं नाक मुरडलं, पुन्हा बंद करावी का असा विचार केला, आणि उघडीच ठेवली.

लेक खिडकीत चढून बसली. पलीकडे एक ओढा होता, आणि तो तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ ती खोकली नाही. मग म्हणाली, "आई, ओढा ओला असतो ना? मग त्याचा आवाज ओला का सुका?"

आईनं तिच्याशेजारी जागा केली आणि खिडकीत बसली. "माहीत नाही गं," ती म्हणाली. "ऐकूया."

तात्पर्य: शब्द सगळ्यांच्या तोंडी असला म्हणजे त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो असं नाही, तेव्हा न कळलेलं वेळेवर विचारावं, आणि आपल्याला कुणी विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायला लाजू नये.