बशीतली लेकरं

बरोबर सकाळी सव्वानऊ वाजता हे सगळं सुरू झालं. एका गावात सुगंधा नावाची कासारीण राहायची. त्या घटकेला ती एका नवरीच्या हातात हिरवा चुडा भरत होती. एकाएकी सुगंधाचाच हात थरथरला आणि बांगडी तडकली. अशी बांगडी ‘फुटली’ म्हणायची नसते, ‘वाढली’ म्हणायचं. पण बायकांनी एकमेकींकडे बघायचं ते बघितलंच.

सुगंधाने मनात म्हटलं, हात गेला तर धंदा गेला! ती तडक शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“मावशी, हा कंपवात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मेंदूतल्या काही पेशी मरतात, म्हणून हात कापतो. गोळ्या देते, कंप कमी होईल. पण पेशी मरतात का, ते अजून नीट कळलेलं नाही. जिवंत माणसाचा मेंदू उघडून कसा बघणार? तुमच्या दंडाची चिमूटभर कातडी द्याल? तिच्यापासून मूळपेशी करू, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी घडवता येते अशा. मूळपेशींपासून मेंदूच्या पेशी वाढवू, काचेच्या बशीत. नवी औषधं आधी त्यांनाच देऊन बघू.”

“मग मी ठणठणीत होईन?”

“खोटं कशाला सांगू? तुम्हाला उपयोग होईलच असं नाही. पुढच्यांना होईल.”

सुगंधा हिरमुसून घरी आली. शेजारीण येसू म्हणाली, “तुला काही मिळणार नाही, मग कातडी कशाला काढून देतेस? खुळी की काय!”

सुगंधा एकदम हसली. “अगं, जन्मभर बांगड्या मी भरल्या, मिरवल्या दुसऱ्यांनी. आत्ताच मन छोटं कशाला करू?”

तिने कातडी दिली. बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरीणबाईंच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. तिने भिंगाला डोळा लावला. बारीक फांद्या फुटलेल्या पेशी एकमेकींना धरून बसल्या होत्या.

“अगं बाई, माझीच लेकरं!” ती ओरडली, आणि पिशवीतून मीठ-मोहरी काढून दृष्ट काढायला लागली.

“मावशी, मीठ बशीत पडेल! दाराबाहेरून काढा!” डॉक्टरीणबाई धावल्या. अख्खी प्रयोगशाळा हसली. दृष्ट दाराबाहेरून निघाली.

मग डॉक्टरीणबाईंनी खरी बातमी सांगितली. एका नव्या औषधाने त्या पेशी कमी मरत होत्या. “पण ही अजून बशीतलीच गोष्ट आहे हं. माणसाला द्यायला वेळ लागेल.”

“लागू दे की!” सुगंधा म्हणाली. “लेकरं काय जन्मल्याबरोबर कामाला लागतात होय?”

तात्पर्य: आपल्या वाट्याला येवो न येवो, पुढच्यांच्या बऱ्यासाठी हसत दिलेलं वाया जात नाही. तुमच्या ओळखीत कुणाचा हात कापत असेल, तर ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला.