फुटली म्हणू नये

एका गावात एक भोळा कासार होता. नाव गुणाजी. हात हलका, डोकं त्याहून हलकं. त्याचं लग्न काही जमेना आणि त्या काळजीनं त्याची आई अर्धी झाली होती.

एकदा पाटलीणबाई बांगड्या भरायला आल्या. पहिलीच बांगडी हातात चढता चढता तडकली.

"फुटली!" गुणाजी ओरडला.

"सणासुदीला काय बोलतोस मेल्या! दुसरी अख्खी असेल तर दाखव."

त्या गेल्यावर आईनं समजावलं, "बाळा, बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. दुकान बंद केलं म्हणू नये, वाढवलं म्हणावं. वाईट शब्द तोंडातून काढूच नये."

"म्हणजे वाढलं की वाईट झालं," गुणाजीनं पाठ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचा बंडू झाडावरून पडला. गुणाजी धावत त्याच्या आईकडे गेला. "यमुनाकाकू, बंडूचं डोकं वाढलं!"

"वाढायचंच वय आहे त्याचं," काकू म्हणाल्या आणि त्याची टोपी उसवायला बसल्या. बंडू रक्तबंबाळ होऊन आला तेव्हा कुठे उलगडा झाला. मार मात्र गुणाजीला बसला.

अशात मामांनी स्थळ आणलं. "मुलगी सगुणा. सोन्यासारखी आहे. फक्त तिचे वडील तुकाशेठ म्हणतात, जावयानं धंदा वाढवायला हवा."

गुणाजीनं लगेच दुकानाला कुलूप ठोकलं आणि किल्ली विहिरीत टाकली. होणाऱ्या सासऱ्याचा शब्द मोडायचा कसा?

आईनं कपाळाला हात लावला. आता हे स्थळ हातचं गेलं तर पोरगा जन्मभर बिनलग्नाचा राहणार! "तिथं तोंड उघडू नकोस," ती म्हणाली. "अगदीच वाईट घडलं तरच बोल."

गुणाजी मुलीच्या घरी तोंड मिटून बसला. पोहे आले, तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

"मुलगा फार शांत आहे हो," तुकाशेठ खूश झाले. "आमचंही लपवण्यासारखं काही नाही. सगुणा जरा लाडात वाढलीय, एवढंच."

गुणाजी दचकला. त्याचे डोळे भरून आले.

"आई लहानपणीच गेली तिची. या आत्याच्या हाताखाली वाढली ती."

गुणाजीनं आत्याबाईंकडे पाहिलं. त्याला त्यांची फार दया आली. त्यानं डोळे पुसले आणि हात जोडून म्हणाला, "जाऊ द्या तुकाशेठ, आत्याबाईंना बोलू नका. असं होतंच. दुसरी अख्खी असेल तर दाखवा!"